नर्सबाईवरचा पहारा

मोठा दुष्काळ सरला त्या साली मला पहिल्यांदा दिवस गेले. गावच्या उपकेंद्राला दिवस मावळायच्या आत कुलूप लागायचं, नर्सबाई गायब. माझी जाऊ त्या बंद दारासमोर गाडीतच बाळंत झाली होती. मला धास्तीनं अन्न गोड लागेना. शेवटी सासूबाई चावडीवर जाऊन म्हणाल्या, "माज्या सुनंच्या येळेला दार उघडं पायजे."

गाव पेटलं. पण आमच्याकडं घरटी एक फौजी, आणि त्यांचा कुठल्याही दुखण्यावर एकच इलाज. पेन्शनीत आलेल्या सुभेदारांनी नर्सबाईवर पहारा बसवला! दारात चार मिशीवाले, खांद्यावर काठ्या. आत जायचं तर नाव सांगा, काम सांगा. आता परक्या पुरुषाला बाई काय कपाळ सांगणार? बायका आल्या पावली परत जाऊ लागल्या. सुभेदार मात्र लय खूश. "नर्सबाई जागची हालली न्हाई," असं मिशीला पीळ देत सांगायचे.

एके दिवशी दिवेलागणीला मला कळा सुरू झाल्या. गाडी उपकेंद्रापाशी थांबते तोच आरोळी आली, "थम! कौन आता है?"

पहाऱ्यावर माझाच चुलत दीर होता.

"डोळं फुटलं व्हय रं?" सासूबाई कडाडल्या. "हो बाजूला, मुडद्या!"

आत खाट होती, कंदील होता आणि मागची खिडकी सताड उघडी होती. चौघे रिकाम्या खोलीची राखण करत होते. मला रडूच कोसळलं.

पलीकडच्या वाडीत नर्सबाईची बहीण राहायची; बाई तिच्याकडंच गेली असणार. सुभेदारांनी सायकल हाणली आणि नर्सबाईला कॅरियरवर बसवून आणलं. तिनं हात लावला आणि माझी लेक सुखरूप जन्मली.

सकाळी सुभेदार गरजले, "का पळालीस?"

"दाराला आतून कडी नाही. त्यात बाहेर चार पुरुष. मी एकटी बाई झोपू कशी?"

"मग आदी का न्हाई बोललीस?"

"विचारलंत कधी?"

सुभेदार दुपारी स्वतः हातोडा घेऊन आले, कडी ठोकली आणि पहारा उठवला. मी नि लेक अजून तिथंच खाटेवर होतो; संध्याकाळी सासूबाई वळकटी घेऊन सोबतीला आल्या. आतून कडी लागली तशी नर्सबाई जमिनीवर आडवी झाली नि घोरूच लागली. लेकीनं भोकाड पसरलं तरी तिला जाग येईना. मी हाक मारणार, तोच सासूबाईंनी मला दटावलं.

"उठवू नगंस तिला. कवाची जागी हाय, कुणाला ठावं."