गेरूचं झाड

शेजारी ओट्याला गेरू लावतायत. त्या ओल्या वासासरशी मी नव्वदच्या दशकातल्या साखरा गावच्या, मी शिकवायचे त्या शाळेत पोचले.

वर्गाच्या भिंतीवर मी गेरूनं धड्याचं झाड काढलं होतं. मुळांशी ‘काहून’चे, म्हणजे ‘का’चे प्रश्न, फांद्यांवर लेकरांनी धड्यातून शोधलेली उत्तरं. घोकणारी लेकरं त्यामुळं समजून वाचायला लागली होती.

तपासणीला आलेले साहेब म्हणाले, “बाई, भिंत खराब केलीत. उत्तरं पाठ करून घ्या. हे पुसा.”

मेंढरं राखून शाळेत येणारी छबू उठली. “काहून पुसायचं, सर?”

मी ब्रश उचलला, छबूचा प्रश्न मुळाशी लिहिला आणि एक फांदी साहेबांच्या उत्तरासाठी रिकामी सोडली.

नोकरी नवी होती, म्हणून अक्षर बारीकच काढलं. आज वाटतं, अक्षर आणखी मोठं काढायला हवं होतं.