साडूंनी वरून आणलेलं पाणी

सूर्य पूर्वेला उगवतो हे आमचे साडू मान्य करतात, पण रोज गच्चीवर जाऊन बघून आल्यानंतर. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे हे यजमान. लातूरच्या मोंढ्यात त्यांचं आडतीचं दुकान होतं आणि पोत्याच्या तळापर्यंत हात घालून बघितल्याशिवाय त्यांनी कधी सौदा केला नाही. पुढे दुकान मुलाकडे गेलं, पण हात घालायची सवय राहिली. बसवर नांदेडची पाटी असली तरी ते आधी कंडक्टरला विचारतात, मग ड्रायव्हरला वेगळं गाठून विचारतात, आणि दोघांचं उत्तर जुळलं की त्यांना जास्तच संशय येतो. दवाखान्यात गेले तर डॉक्टरांपेक्षा शेजारच्या पेशंटशी जास्त बोलतात, ‘तुम्हाला गुण आला का, का नुसतं येऊन राहिलात?’ स्वतःच्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना ते बाजूनं वाकून बघत होते. भटजींनी डोळे वटारले तेव्हा म्हणाले, "दाखवली तीच हाय का, बघायलोय." मेहुणी अजून सांगते, "ह्यांनी मला पसंत केलं न्हाई, खात्री करून घेतली."

अशा माणसाच्या समोर आयुष्यभर एक थाप सांभाळायची वेळ माझ्यावर आली. ती थाप मी ते सोयरे व्हायच्या आधीच मारून बसलो होतो. मी मूळचा भोकरचा. गावापासून काही अंतरावर सागाच्या जंगलाचा एक डोंगर आहे. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा अंगानं फार किरकोळ होतो आणि सासरे माझ्याकडे, वारं सुटलं तर याला धरायचं कुणी, अशा नजरेनं बघत होते. मी घाईघाईनं सांगून टाकलं की तो डोंगर मी चढून आलोय. "वर काय हाय?" त्यांनी विचारलं. काहीतरी सांगणं भागच होतं. मी म्हणालो, "दगडात कोरलेलं टाकं आहे. भर उन्हाळ्यातही पाणी आटत नाही." आमच्या मुलखात पाण्याचं नाव काढलं की माणसं गप्प होतात. बैठक गप्प झाली आणि लग्न ठरलं. मी त्या डोंगराच्या पायथ्याच्या पुढे कधी गेलेलो नव्हतो. पुढे मी नांदेडला शाळेत भूगोल शिकवायला लागलो, तेव्हा तर हे कबूल करायची सोयच राहिली नाही.

बायकोनं ते टाकं जिवापाड जपलं. मी पगारात, तब्येतीत, कशातच तिच्या माहेरी मिरवण्यासारखा नव्हतो. मिरवायला होतं ते हे टाकं. मेच्या महिन्यात नळ कोरडा पडला की ती म्हणायची, "तिथं येवढ्या उंचावर देवानं पाणी ठिवलंय, आन् हितं बघा." सगळं सासर माना डोलवायचं. डोलवत नव्हते ते एकटे साडू. त्यांच्या पहिल्याच दिवाळसणाला जेवता जेवता त्यांनी विचारलं, "सर, येवढ्या वर पाणी चढिवलं कुणी?" तेव्हापासून दर भेटीत एक प्रश्न ठरलेला असायचा. टाकं चौकोनी हाय का गोल? पाणी कोणत्या अंगानं येतंय? एकदा मी गोल सांगितलं आणि पुढच्या वर्षी चौकोनी, तर ते भाकरीचा घास चावता चावता थांबले.

आम्ही दोघंही रिकामे झाल्यावर एका हिवाळ्यात ते म्हणाले, "सर, एकदा जाऊन बघू की. सकाळी चढायचं, दिवस मावळायच्या आत खाली." मी अस्वलाचं नाव काढलं. त्यांनी पायथ्याच्या गावातल्या तीन वेगवेगळ्या माणसांना फोन करून अस्वल नाही याची खात्री करून घेतली. मी वाट सापडणार नाही म्हणालो. त्यांनी फोनवरचा नकाशा काढला, त्यावर विश्वास नाही म्हणून गुराखी ठरवला, आणि गुराख्यावर विश्वास नाही म्हणून नकाशा पुन्हा बघितला. नवे बूट आणून आठ-दहा दिवस घरात घालून फिरले. पाण्याच्या बाटल्या भरताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "वर तुमचं टाकं हाय म्हणा. पर आसू द्या."

बायकोही निघाली. तिच्या पिशवीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि एक रिकामा पितळी तांब्या होता. टाक्यातलं पाणी देवघरात ठेवायचं होतं तिला.

गुराखी पायथ्याशी वाटेला लावून देऊन आपल्या गुरांमागे गेला. वाट तशी अवघड नव्हती. सागाच्या वाळक्या पानांचा आवाज होत होता आणि साडू मधूनमधून मागे वळून बघत होते, मी पळून तर गेलो नाही ना म्हणून. शेवटच्या चढाखाली बायकोचा गुडघा धरला. ती दगडावर बसली. माझेही पाय खरोखरच गळाले होते, मीही बसलो. एवढं एक त्या दिवशी मी खरं वागलो, पण साडूंना तेही पटलेलं दिसलं नाही. बायकोनं तांब्या त्यांच्या हातात दिला. "भरून आणा, भाऊजी." त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि वर गेले.

बायको शांतपणे दशम्या काढत होती. तिला कसली घाई नव्हती. इतकी वर्षं जे ऐकलं ते थोड्या वेळात तिच्या हातात येणार होतं. मी नजर वाटेवर लावून बसलो होतो.

साडू उतरले तेव्हा तांब्या दोन्ही हातांनी धरलेला होता. काठोकाठ भरलेला.

"टाकं हाय?" बायकोनं विचारलं.

"हाय की, आक्का. चौकोनी हाय. आत उतरायला तीन पायऱ्या हायत, सरांनी ते कधी सांगितलं न्हाई." आणि माझ्याकडे वळून, "का वो सर?"

मी मान हलवली. उतरताना बायको जरा पुढे गेल्यावर त्यांनी हळूच सांगितलं, "वर दगड आन् टेंभुर्णीची झाडं. दुसरं काय न्हाई." त्यांच्या खांद्याची बाटली रिकामी होती. खाली गावात पोचेपर्यंत हा माणूस कोरड्या ओठांनी चालला. माझ्या बाटलीतलं पाणी दिलं तर वास घेऊन परत केलं.

हे सगळं आता लिहायचं कारण असं, की गेल्या महिन्यात साडूंचा मुलगा मित्रांबरोबर त्या डोंगरावर जाऊन आला. टाकं नव्हतं. त्यानं घरी येऊन विचारलं, तर साडू म्हणाले, "हाय. मी डोळ्यानं बघितलंय." त्यानं फोटो दाखवले. साडू म्हणाले, "झाडी वाढली आसंल." झालं, बाबांना भास होतात असं घरात ठरलं. आता त्यांच्या गोळ्या सून मोजून देते. गॅसजवळ त्यांना जाऊ देत नाहीत. गच्चीवर एकटं पाठवत नाहीत, म्हणजे सूर्याचंही राहिलं.

मी फोन करून म्हणालो, खरं काय ते सांगून टाकतो. ते म्हणाले, "नका सांगू. लोकांवर मी जल्मभर शंका घेतली, आता त्यायची पाळी हाय. घेऊ द्या."

पण ही गोष्ट मला झोपू देईना. लातूरच्या सगळ्या मंडळींनी हे नीट वाचावं. साडूंना भास होत नाहीत, टाकं माझं आहे, आणि ते तिथं नाही. छापायला द्यायच्या आधी मी हे बायकोला वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग देवघराकडे हात केला. तिथं तो तांब्या अजून आहे, वर वाटी झाकलेला.

"मग ह्ये पाणी कुठलं?"

"त्यांच्या बाटलीतलं," मी म्हणालो.

"भाऊजी शंका घेतेत. खोटं न्हाई बोलत," ती म्हणाली. "तुम्हीच इसरलात. लावा फोन, ऊन वाढायच्या आत एकदा जाऊन येऊ."

मी तिच्यासमोरच फोन लावला आणि निरोप सांगितला. साडूंनी आधी खात्री करून घेतली.

"आक्का येणार म्हणतेत?"

"हो."

"मग तांब्या ल्हान घ्या म्हणावं," साडू म्हणाले. "मागल्या येळंला लई तहान लागली होती मला."