अण्णांच्या ऑफिसातली तसबीर

सांगू की नको, असं चार दिवस मनात चाललं होतं. पण रहाटणीपासून चिंचवडपर्यंत सगळ्यांना कळलंच आहे, मग तुमच्यापासून काय लपवायचं?

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कारखान्यातली कारकुनी सोडून विम्याची एजन्सी घेतली. घराची पुढची खोली म्हणजे त्यांचं ऑफिस. ते सजवायचं काम मी आपणहून मागून घेतलं.

आणि सजवलं बरं का मी. टेबल खिडकीशी सरकवलं, म्हणजे लिहिताना उजेड डावीकडून येतो. वेताच्या खुर्चीला उशी शिवली. शेतकरी मंडळी खुर्चीत अवघडून बसतात, म्हणून त्यांच्यासाठी खाली सतरंजी आणि लोड. आईच्या जुन्या पातळाचा पडदा केला. राहिली फक्त टेबलामागची भिंत. ती फारच ओकीबोकी दिसत होती.

कोपऱ्यात एक फ्रेम केलेला फोटो होता. फेटा, झुपकेदार मिशा, करारी डोळे. आदल्या दिवशी अण्णा त्याला हात जोडून आईला म्हणाले होते, "आता सगळी भिस्त यांच्यावर."

मला वाटलं, हे आजोबा. माझ्या जन्माआधीच गेले, मी कुठे पाहिलंय त्यांना? विचारायचं धाडस असतं, तर पुढचं काही घडलंच नसतं.

अण्णा पहाटेच पुण्याला गेले होते. मी फोटो टांगला, कुंकू लावलं, मावशीने दिलेला चंदनाचा हार घातला, उदबत्ती लावली. इतकं शोभून दिसलं म्हणता!

तेवढ्यात रहाटणीचा दूधवाला आला. पडद्यातून आत बघितलं आणि जागीच थिजला.

"कवा झालं हे?"

"आज पहाटे," मी खाली मान घालून म्हणाले. परक्या माणसाशी मी एवढंच बोलू शकते.

"आन कशानं?"

"सुतळीनं. दुसरं काही हाताशी नव्हतं."

"कुनी केलं?"

"मीच. एकटीनं."

दूध न मापताच तो माणूस पळाला. मला वाटलं, माझी कारागिरी बघून थक्क झाला.

दुपारी अण्णा परतले. भिंतीकडे बघून मटकन सतरंजीवर बसले.

"अगं, हे रहाटणीचे पाटील. जिवंत आहेत."

विमा काढला की माणूस जातो, असं तिथल्या लोकांचं म्हणणं. एकटे पाटील कसेबसे तयार झाले होते. ते सही करणार, मग बाकीचे करणार, आणि मग आमच्या घरात चूल पेटणार. फोटो त्यांना भेट द्यायचा होता.

मी हार काढायला स्टुलावर चढले, आणि दारात प्रत्यक्ष पाटील उभे. तोच फेटा, त्याच मिशा. मी हार हातात धरून तशीच वर उभी.

पाटलांनी भिंतीवरचा स्वतःचा फोटो न्याहाळला.

"अण्णा, फोटू झ्याक आलाय. पर मी मेलो कवा?"

अण्णांनी गडबडीने उदबत्ती विझवली.

"भनीकडं तळवड्याला गेलतो. माघारी येतो तर दारात ही गर्दी. धाकटा भाऊ बैलं सोडून न्यायला लागलेला. पुतन्या म्हनतो, विहिरीकडचा तुकडा माझा. आन माझी मंडळी कोपऱ्यात बसल्याली, तिला कुनी पानी बी इचारंना."

ते सावकाश लोडाला टेकले.

"मेल्यावर काय व्हतं, ते आज जित्तेपनी बघितलं. काढा माझा इमा. मंडळीच्या नावानं."

अण्णांचे डोळे भरून आले. ते घाईघाईने दौत उघडू लागले. मलाही जरा धीर आला. म्हटलं, चला, वाचलो.

तोच पाटील माझ्याकडे वळले.

"सुतळीनं मारलं ती पोरगी हीच व्हय? अण्णा, माजं सावकाश लिवा. आदी हिचा इमा उतरवा. मंडळी मागनं गाडीतनं येतीया, आन ती लई तापलीया."