दरडीच्या मैनांचा चार्ज

सुभेदार काकांना काळजी करायला कारण लागत नसे. लिफ्ट जरा हलली की दोर तुटणार, गॅस बंद केला तरी गळत असणार, आणि मला ऑफिसातून यायला उशीर झाला की काहीतरी झालंच असणार. साताऱ्याकडचे काका पलटणीतून निवृत्त होऊन नोएडात आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहत होते. काकू म्हणायच्या, "सीमेवर लई शांत होते म्हणे. सगळी धास्ती घरी आणून ठेवलीय."

त्यांचा शेवटचा उन्हाळा मैनांच्या काळजीत गेला. सोसायटीमागे नव्या टॉवरसाठी खणलेल्या खड्ड्याचं काम रखडलं होतं आणि त्याच्या उभ्या मातीत मैनांनी बिळं केली होती. ही आपली तपकिरी साळुंकी नव्हे. ही निळसर राखाडी, डोकं काळं, आणि साळुंकीच्या डोळ्याभोवती पिवळं असतं तिथे हिला विटकरी. मूळची नदीकाठच्या दरडीत राहणारी, म्हणून काका तिला 'दरडीची मैना' म्हणत. चहाच्या टपरीवर ती माणसांच्या पायांत फिरून सामोशाचा चुरा उचलायची. काका म्हणायचे, "बिळात पोरं वाट बघतायत, म्हणून भीत न्हाई ती."

मग काम पुन्हा सुरू झालं. खड्ड्याच्या कडांना काँक्रीटची भिंत येणार होती. पिल्लं उडण्याआधी ती आली असती, तर बिळं पिल्लांसकट बुजली असती. काका साइट इंजिनिअरकडे गेले. "बेटा, बाकी तरफ पहले कर लो. बच्चे उड़ जाएं, फिर ये भर देना." तो भला माणूस हो म्हणाला, पण काकांना कुठला धीर? जेवता जेवता उठून गॅलरीत जायचे.

त्यातच त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. दवाखान्यात भरती व्हायला निघताना त्यांनी मला गॅलरीत उभं केलं आणि पलटणीच्या रिवाजाप्रमाणे चार्ज दिला: कुठल्या बिळात पिल्लं आहेत, कुठलं रिकामं, काँक्रीटची मशीन कुठे उभी आहे. मला हसू येत होतं, पण ते एकेक बीळ माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेत होते. पहिल्या संध्याकाळी मी फोनवर "सब ठीक" म्हटलं, तर चिडले. "ठीक हा रिपोर्ट न्हाई, पोरी. डोळ्यांनी काय बघितलंस ते सांग." मग मीही ताट टाकून गॅलरीत जाऊ लागले. एकेक बीळ रिकामं होत होतं, आणि मशीन रोज जवळ सरकत होती.

ऑपरेशनच्या आदल्या सकाळी शेवटच्या बिळाच्या तोंडाशी एक मळकट पिल्लू येऊन बसलं. आई समोरच्या सळईवर चोचीत किडा धरून बसलेली, पण जवळ काही येईना. माझा जीव टांगणीला लागला. ऑफिसची कॅब निघून गेली. शेवटी ते धडपडत उडून सळईपर्यंत पोचलं. दुपारी मशीन त्या कडेला लागली.

संध्याकाळी फोन न करता मी दवाखान्यातच गेले आणि पाहिलं तसं सगळं सांगितलं.

"मागं कुणी राहिलं न्हाई?"

"कुणी नाही, काका."

त्यांनी मान हलवली. "मग आता जरा पडतो," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

ऑपरेशननंतर काका शुद्धीवर आलेच नाहीत. गावी परतताना काकूंनी माझा हात धरला. "लग्नापासून दचकून उठायचे गं. त्या रात्री पहिल्यांदा सलग झोपले. मी मुद्दाम जागी राहून बघत होते."