आधीचा भाग सांगणारे दाजी

गोष्ट मुळापासून कशी सांगावी, हे माझ्या दाजींइतकं कळलेला माणूस अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात नसेल, आणि अशा माणसाला मी भरल्या सभागृहात ‘गावाकडच्या ओळखीचे’ म्हणालो. माझी चूक आधीच सांगून टाकतो. नाही तर पुढे त्यांचं कौतुक करता करता मीच भला वाटायला लागेन.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. सांगोल्याकडे त्यांची मेंढरं आहेत. वय पासष्ट की सत्तर ते विचारायची सोय नाही. विचारलं की ते आपल्या आजीचं लग्न कसं ठरलं तिथून सुरुवात करतात. एसटीत कंडक्टरनं ‘कुठं जायचं?’ म्हटलं, तर आपण कुठून आणि का निघालो हे सांगितल्याशिवाय तिकीट घेत नाहीत. एकदा मी बरोबर होतो. कंडक्टर आधी वैतागला, मग त्यांच्या शेजारीच टेकला, आणि मंगळवेढा आलं तरी मागच्या बाकांवरची तिकिटं फाडायची राहिलेली. सिनेमाचंही तसंच. जत्रेतल्या तंबूत पोचायला उशीर झाला आणि सुरुवातीची नावं निघून गेली असली, की दाजी आत पाऊल टाकायचे नाहीत. पुढच्या खेळापर्यंत बाहेर शेंगा सोलत बसायचे. “मधनंच घुसायला आपण काय चोर हाय व्हय?” म्हणायचे.

गेल्या वर्षी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. आधी डावा करायचा ठरला आणि ते आमच्याकडे सोलापूरला आले. डॉक्टरांनी विचारलं, “कधीपासून दिसत नाही?” दाजी म्हणाले, “दिसत न्हाय ते नंतरचं. आदी काय काय दिसत हुतं ते सांगतो की.” मग माळ, माळावरचं कुसळी गवत, त्यात लपलेली टिटवीची अंडी, असं सगळं आलं. बाहेर ताटकळलेले पेशंट भांडायला म्हणून दारात आले आणि तिथंच उभे राहिले. शेवटी तपासणीत साखर वाढलेली निघाली, ऑपरेशन आठ दिवस पुढे गेलं, आणि त्या आठ दिवसांत माझ्या मुलीनं त्यांना तो सिनेमा दाखवला.

इंग्रजी होता, हिंदीत केलेला. जुन्या काळातली एक गढी, गढीवर माणसांचं रक्त पिणारे सरदार, आणि खाली त्यांच्या दगडखाणीत राबणारे, पौर्णिमेला लांडगे होणारे लोक. या दोघांच्या वैरावर आधी दोन सिनेमे येऊन गेले होते. वैर मुळात पेटलं कसं, ते सांगायला हा तिसरा मागाहून काढलेला. मुलीनं हे समजावून सांगितलं तेव्हा दाजी उठून टीव्हीपुढं सरकून बसले. मग म्हणाले, “म्हंजे दोन सिनेमं झाल्यावर त्यास्नी उमगलं, की आपण मुळातनं सांगितलंच न्हाय. आन् मग माघारी आले? चूक कळल्यावर माघारी येनारा मानूस लई मोटा, बाय.” आठ दिवसांत त्यांनी तो चार वेळा पाहिला. पुढचे दोन भाग मात्र पाहिले नाहीत. “मूळ कळलं, आता पुडलं आपलं आपल्याला कळतंय,” म्हणाले.

एकच तक्रार होती. पडद्यावरचा लांडगा छाती काढून, दोन पायांवर उभा राहून ओरडायचा. दाजींना ते बघवायचं नाही. “लांडगा कवा असा दवंडी पिटत येतो का? मान खाली, खांदं खाली. मेंढरू गेल्यावर कळतं, की यिऊन गेला. आन् वर्साकाठी दोन कोकरं न्हेतो, त्यो त्याचा वाटा हाय. रोज रगात प्यायला त्यो काय सरदार हाय का?” माळावर ज्याच्याशी जन्मभर सामना केला, त्याचीच बाजू ते घेत होते.

ऑपरेशन झालं, आणि त्याच रविवारी आमच्या बँकेचं कौटुंबिक स्नेहसंमेलन होतं. जेवणं झाली, मुलं कंटाळली, आणि माझी मुलगी माईकवर जाऊन म्हणाली, “आमचे पाहुणे लांडग्यांच्या सिनेमाची गोष्ट सांगतील.” दाजी उठले. धोतर, लाल पटका, हातात काठी, डोळ्यांवर दवाखान्यातला मोठा काळा चष्मा. मागच्या रांगेत दोघे-तिघे हसले, आणि ते हसू मी अंगाला लावून घेतलं. नंतरची पाऊण तासाची गोष्ट मी ऐकलीच नाही. साहेब लोक कुठं बघतात तेवढंच बघत होतो. आता मुलीकडून ऐकून सांगतो. दाजींनी गढी तिच्या पायाच्या पहिल्या दगडापासून उभी केली. पौर्णिमा आली तेव्हा डॉक्टरांनी वाकायला मनाई केलेली असल्यानं त्यांनी नुसते खांदे खाली सोडले, मान किंचित पुढं काढली, आणि काठी न टेकवता चार पावलं चालले. पहिल्या रांगेतल्या मुलांनी पाय खुर्चीवर घेतले. टाळ्या थांबेनात.

पुण्याहून आलेले आमचे मोठे साहेब माझ्याकडे झुकले. “अहो, मी हा सिनेमा पाहिलाय. पण भीती आज वाटली. कोण हे तुमचे?” माणूस कौतुकानं विचारत होता. आणि मी म्हणालो, “गावाकडच्या ओळखीचे आहेत. डोळा दाखवायला आलेत.” मान वळवली तर दाजी माझ्या शेजारच्या खुर्चीत बसायला म्हणून मागेच येऊन उभे होते. एक खुर्ची सोडून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, डोळा पुन्हा दाखवायचा होता तरी, “मेंढरं एकटी हायत” म्हणून ते गेले.

माझी बारावी होती त्या वर्षी वडील वारले. आमची साठ मेंढरं राखायला मी घरी बसणार हे ठरल्यातच जमा होतं. दाजी आले, आमची मेंढरं आपल्या कळपात घातली आणि सहा महिने दोन्ही कळप घेऊन पार भीमाकाठापर्यंत फिरले. परीक्षेच्या आदल्या दिवशी फक्त निरोप आला, सगळी खुशाल आहेत म्हणून. बँकेतली माझी खुर्ची तिथून सुरू होते.

स्नेहसंमेलनानंतर सहा महिन्यांनी आक्काचा फोन आला. “उजव्या डोळ्याला येत न्हाय म्हणत्यात. डावा बी परत दावला न्हाय. काल उंबऱ्याला आडकून पडलं. तू काय बोललास का रं त्यास्नी?”

मी “नाही गं” म्हणालो, आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून सांगोल्याची एसटी धरली.

दाजी लिंबाखाली लोकर कातरत होते, बोटांनी चाचपत चाचपत. “या पावणं. आज बँक बंद व्हय?” एवढंच म्हणाले. आक्कानं पाणी दिलं. मग मान वर न करता त्यांनी विचारलं, “त्या साहेबास्नी लांडगा पटला का वो?”

सहा महिने त्यांनी हे मनात ठेवलं होतं. मी साहेबांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. कातर थांबली. “भीती आज वाटली, आसं म्हणलं?” आणि आक्काकडे बघून ते मनापासून हसले. इथपर्यंत सांगून मला उठता आलं असतं.

पण तोंडात शहरात वीस वर्षं न बोललेली बोली आली. “दाजी, त्यांनी आजून एक इचारलं हुतं. हे तुमचे कोण, म्हणून. तुमी ऐकलंय मी काय म्हणलो ते. मला लाज वाटली तुमची. तुमच्या पटक्याची, तुमच्या बोलण्याची. मेंढरं तुमी राखली म्हणून मी शिकलो, ते ठावं आसून लाज वाटली. आक्कादेखत सांगतो, लई चुकलं माझं. मला माफ करा.”