सत्तर टाके

मुखेडच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, चंद्रप्पानं चाळीस वर्षं हमाली केली. पोतं भरायचं, दाभणानं तोंड शिवायचं, पाठीवर घ्यायचं. त्यानं शिवलेल्या पोत्यातून तुरीचा दाणा कधी सांडला नाही. बसून करायच्या कामाला तो काम म्हणत नसे. बायको नीलम्माचं विणकाम म्हणजे तर त्याच्या लेखी बोटांचा चाळा.

नात शिवकन्येला मुलगी झाली. बारसं तिच्या सासरी जळकोटला, दहा दिवसांवर. घरातल्या प्रत्येक लेकराला बारशाला नीलम्माच्या हातची टोपी असायची. ह्या खेपेला ती न्हाणीत घसरली आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला.

"बाजारात टोप्यांचा ढीग हाय," चंद्रप्पा म्हणाला.

"ढिगातली टोपी माझ्या पणतीला? तुमी विणा."

"मी? असले बायकी चाळे?"

"चाळाच हाय ना? मग करून दावा."

आता माघार घ्यायची सोय उरली नाही.

अंगठ्याभोवती लोकरीचा फास घ्यायचा, त्यात सुई घालायची, अंगठा काढायचा, धागा हळू ओढायचा. असे सत्तर टाके. चंद्रप्पानं तासाभरात सत्तर घातले, प्रत्येकाला पोत्याच्या तोंडासारखा हिसका देऊन.

"बघ. एक हलत न्हाई."

"हलायलाच पायजे. दुसरी सुई आत घाला बरं."

सुई शिरेना. त्यानं जोर लावला. सुई वाकली.

"उसवा," नीलम्मा म्हणाली.

दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा चाळीस टाके बरे पडले, पुढं हात सवयीवर गेला. चार दिवस असे गेले आणि एकही ओळ विणून झाली नाही.

"दोन सुया जोडून धरा," नीलम्मा म्हणाली. "दोन्हींवर मिळून टाके घाला, मग एक सुई ओढून घ्या. टाके ढिले राहतात. शिकाऊ पोरी असंच करतात."

"शिकाऊ पोरी!"

"त्यांना एका दिवसात जमतं."

तो उठून ओट्यावर जाऊन बसला. संध्याकाळी आत आला आणि दोन सुया उचलल्या. सत्तर घातले, एक सुई ओढली. टाके तोंड उघडून उभे राहिले. दुसरी सुई सहज आत गेली. ढिलं ठेवून टिकणारं काम! त्याला किळसच आली. पण पुढचे दिवस तो खाली मान घालून विणत बसला. क्विंटलच्या पोत्यानं दुखली नव्हती तेवढी मान दुखली. कुणाला सांगितलं नाही.

जळकोटला शिवकन्येच्या सासूनं बाळ मांडीवर घेतलं. "टोपी काय सुरेख! नीलम्माआजी, तुमच्या हाताला तोड न्हाई."

चंद्रप्पा हळूच बायांच्या मागं सरकला.

नीलम्मानं पदराखालचा प्लास्टरचा हात वर केला. "ह्या हातानं? आन् माझे टाके असले वेडेवाकडे नसतात. ह्यांनी विणलीय."

बाया खो खो हसल्या.

"हाव, मीच विणलीय," चंद्रप्पा जोरात म्हणाला. पुढं झाला आणि टोपीवर बोट ठेवलं. "आन् हितं बघा. तिसरी ओळ चुकलीय."