नरसिंगमामांनी पळवलेला गुलाम

हदगावचे नरसिंगमामा जन्मभर एसटीत कंडक्टर, आवाज खणखणीत, त्यामुळे बुद्धविहारात पावसाळ्यातल्या वर्षावासाचं वाचन त्यांच्याच आवाजात. यंदा त्यांनी गुलामगिरीविरुद्ध लिहिणाऱ्या एका अमेरिकन बाईची कादंबरी घेतली. मालकाच्या माराने गुलाम मरतो ते पान आलं, तसे मामा चुळबुळ करू लागले. शेवटी त्यांनी पुस्तक मिटलं आणि तोंडीच सांगून टाकलं, "पळाला त्यो. नदी वलांडून गेला."

ऐकायला बसलेल्या बाया खूश होऊन उठल्या. म्हातारी कोंडाबाई उठली नाही. तिचा सालगडी भाऊ मालकाच्या मारानंच मेला होता, अन् गावानं तो पळून गेला अशी आवई उठवली होती.

"पुस्तक उघड, नरसिंग," ती म्हणाली. "त्या बाईनं मेला लिहिलं आसंल तर मेलाच वाच. पळाला म्हणलं की मारणारा सुटतो."